लेन्स ठरली की येतो

आदरणीय दादांना,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. तुमच्या भगिनी वह्यांच्या गठ्ठ्यामागे, आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि मी जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या फुलीवर. तुमच्याकडे कोण कुठे आहे ते कळवावं. वहिनींचा खांदा आता पूर्ण वर जातो का? धाकटीचे पुढचे दात आले का? (हे दोन्ही प्रश्न मी मागच्या फोनमध्ये विचारले होते, पण तुम्ही खांद्यापर्यंत पोचायच्या आत आपण लेन्सवर गेलो आणि तिथून परत आलो नाही.) माझी तब्येत ठीक आहे. गुडघे दुखतात, पण ते फुलीवर उभं राहून राहून.

हातात पाकीट पडल्यावर तुमच्या छातीत धस्स झालं असेल. हल्ली टपालाने एक तर बँकेचा कागद येतो नाही तर वाईट बातमी. हा बँकेचा कागद नाही. पत्र लिहायची कारणं दोन. पहिलं म्हणजे तुम्ही वर्षभर विचारताय त्या प्रश्नाचं, म्हणजे आपल्या दोघांच्या नव्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांना कोणती लेन्स घ्यायची याचं, उत्तर तयार आहे. दुसरं म्हणजे आप्पांनी (तुमचे वडील, माझे सासरे; हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण आमच्या ऑफिसात प्रत्येक कागदावर संबंधितांचं नातं लिहावं लागतं, ती सवय लागली आहे) माझ्याकडून घेतलेलं वचन. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून परत येताना टॅक्सीत त्यांनी मला बजावलं की दादाला यातलं अक्षरही फोनवर सांगायचं नाही, उगाच धावत येईल. (तीन वर्षांत तुम्ही चालतही आला नाहीत, पण तुमच्या धावण्यावर आप्पांचा विश्वास आहे.) मी सरकारी माणूस. शब्द मोजून घेतो. मेसेज केला तर चालेल का, असं विचारून घेतलं. तोही नाही म्हणाले. पत्राचा विषय निघाला नाही आणि मी काढला नाही.

तर यातलं म्हणजे कशातलं, तेही सांगून टाकतो, नंतर धीर होणार नाही. आप्पांच्या उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं आहे आणि डाव्याचं जायला लागलं आहे. डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्याने जाण्याचा वेग कमी होतो. किती कमी होतो, किती महिने मिळतात, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. कडेचं दिसणं राहील, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. आता मूळ मुद्द्यावर येतो, लेन्सवर.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही येणार होतात तेव्हा तुमच्या ऑफिसात माणसं कमी होती. दोन वर्षांपूर्वी छत गळत होतं. (छत गळत असताना घर सोडून येऊ नये हे मलाही पटलं होतं. फक्त ते चौदा महिने गळत होतं.) गेल्या वर्षी आपण दोघांनी एकमेकांना न सांगता एकाच महिन्यात एकच कॅमेरा घेतला आणि तुम्ही म्हणालात, आता आप्पांचे चांगले फोटो काढायलाच येतो, एकदा लेन्स ठरली की येतो. फोन स्पीकरवर होता. आप्पा समोर बसून ब्रश धूत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या क्षणापासून लेन्स ठरवणं ही या घरात माझी जबाबदारी झाली. दर सोमवारी सकाळी मी बूट घालत असताना ते विचारायचे, "ठरली का?" मी म्हणायचो, अजून नाही. ते म्हणायचे, "घाई नको. नीट बघून घ्या."

कॅमेरा खोक्यातून काढला तेव्हा मी आधी त्याला माझ्या जुन्या, छोट्या कॅमेऱ्याची लेन्स लावून बघितली. बसली. मला वाटलं, जिंकलं. फोटो काढला तर चारही कोपरे काळेकुट्ट आणि मधल्या गोलात आप्पा, दाराच्या भिंगातून पाहुणा दिसतो तसे. तुम्हीच मग समजावलंत की फुल-फ्रेमचा सेन्सर मोठा असतो, जुन्या लेन्समधून पडणारं उजेडाचं वर्तुळ त्याला पुरत नाही, मोठं वर्तुळ पाडणारी लेन्स लागते, आणि ती डोळे झाकून न घेता भाड्याने आणून तपासायची. त्या दिवशी तुम्ही जे वाक्य बोललात ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मधे सगळ्याच लेन्स चांगल्या असतात, जावईबापू, कोपरे बघा.

हे वाक्य दुसऱ्या कोणाला सांगितलं असतंत तर इतकं अंगाशी आलं नसतं. मी पडलो वजनमापांचा निरीक्षक. सत्तावीस वर्षं दुकानांतले, गोदामांतले, भंगारवाल्यांचे काटे तपासतो आहे. मोठ्या सपाट काट्याची खरी तपासणी कोपऱ्यांवर होते. वजन मधोमध ठेवलं की लबाडातला लबाड काटाही शहाण्यासारखा वागतो. तेच वजन उचलून एकेका कोपऱ्यावर ठेवलं की तो बोलायला लागतो आणि दुकानदार चहा मागवायला लागतो. (मी घेत नाही. म्हणजे तपासणी संपेपर्यंत घेत नाही.) मधल्या आकड्याकडे आमच्यात कोणी फारसं बघत नाही. त्यामुळे तुमचं वाक्य मला सल्ला वाटला नाही. इतक्या वर्षांत घरातलं कोणीतरी माझ्या भाषेत बोललं, असं वाटलं.

लेन्स भाड्याने देणारं एक दुकान ऑफिसच्या वाटेवरच सापडलं. शनिवारी संध्याकाळी लेन्स न्यायची, सोमवारी दुकान उघडताना परत करायची. मालकीणबाई प्रत्येक लेन्स देताना खिडकीकडे धरून तिच्या पोटात बघत आणि परत घेतानाही तितकाच वेळ बघत, जणू दोन दिवसांत मी आत काही लपवून ठेवलंय. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारलं, फोटो कशाचे काढता? मी म्हटलं, कोपऱ्यांचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पावती फाडली आणि पुढे बरेच आठवडे तो प्रश्न परत विचारला नाही.

तपासणीची जागा म्हणून बाहेरची खोली ठरली. फुली पक्की, ट्रायपॉडची उंची पक्की, वेळ रविवारी सकाळी दहाची पक्की. वरचा डावा कोपरा पुस्तकांच्या कपाटाचा, म्हणजे पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वरचा उजवा भिंतीवरच्या घड्याळाचा. खालचा डावा बुटांच्या मांडणीचा, खालचा उजवा तपासायच्या वह्यांचा. मधे आप्पांची खुर्ची येत होती. मी त्यांना तासभर दुसरीकडे बसायची विनंती केली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे फोटो त्याला पाठवणार ना?" मी म्हटलं, हो, दर रविवारी. त्यावर ते म्हणाले की मग मी इथेच बसतो. मी विचार केला, बसू दे. काट्याच्या मधोमधही काहीतरी ठेवावं लागतंच.

चौदा रविवारांत अकरा लेन्स झाल्या. (तीन रविवार फेरतपासणीचे.) सगळ्यांची हकीकत लिहीत बसलो तर टपाल खात्याला पाकीट उचलवणार नाही, म्हणून निवडक सांगतो. पहिली फार रुंद लेन्स होती. तिच्यात आमची बाहेरची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसली आणि तुमच्या भगिनींनी दोन दिवस तोच फोटो खरा मानून घर आवरायचं सोडून दिलं. लांबच्या लेन्सने उलटा प्रकार केला. फुलीवरून तिच्यात आप्पांच्या शर्टाचा फक्त खिसा मावत होता. चारही कोपरे मावावेत म्हणून मी ट्रायपॉड घेऊन मागे मागे सरकलो, उंबरा ओलांडला, जिन्यासमोरची मोकळी जागा ओलांडली आणि शेवटी समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाईंच्या सोफ्याला टेकलो. दोन्ही घरांची दारं सताड उघडी. बाईंनी बसू दिलं, पण त्यांचा अंघोळघरातला वजनकाटा तपासून द्यायच्या अटीवर. तो चार किलो जास्त दाखवत होता. हे कळल्यापासून त्या मला घरचा माणूस समजतात आणि सोफा केव्हाही वापरा म्हणून निरोप पाठवतात. ती लेन्स मात्र बाद झाली, कारण दर खेपेला मधून कोणीतरी बादली घेऊन जायचं.

मग ते वरच्या उजव्या कोपऱ्याचं प्रकरण. तुम्हाला आठवत असेल, ओळीने सहा लेन्समध्ये घड्याळाचा दोनचा आकडा पुसट येत होता. तुम्ही म्हणालात, लेन्स त्या बाजूला मऊ आहे, तिथे तिला धार नाही. मी म्हटलं, सहाच्या सहा त्याच बाजूला कशा मऊ असतील, कॅमेऱ्याचं तोंडच वाकडं असणार. तुम्ही मला परदेशी तज्ज्ञांचे चार लेख पाठवलेत, मी तुम्हाला ऑफिसच्या स्टीलपट्टीने घेतलेली मापं पाठवली. आपण अडीच आठवडे एकमेकांच्या नाकात दम आणला. शेवटी तुमच्या भगिनींनी स्टुलावर चढून घड्याळाची काच पुसली. त्यानंतर दोनचा आकडा सगळ्या लेन्समध्ये उत्तम आला. (हे मी तुम्हाला तेव्हा कळवलं नाही. लेन्सचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदललं असावं, असं म्हणालो होतो. माफ करा.)

दर रविवारी दुपारी मी फोटो संगणकावर घ्यायचो, चार कोपरे मोठे करून कापायचो आणि तुम्हाला पाठवायचो. चौदा चोक छप्पन्न कोपरे तुमच्याकडे आहेत. आप्पा संध्याकाळी विचारायचे, बघितले का त्याने? मी म्हणायचो, बघितले. काय म्हणाला? आता त्यांना काय सांगणार, म्हणून जे तुम्ही म्हणाला असाल तेच सांगायचो. पाचव्या रविवारी सांगितलं की खालचा डावा कोपरा काही खास नाही म्हणाला. आप्पांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी मांडणीतले सगळे बूट पॉलिश केलेले होते, माझे पावसाळी सुद्धा. मला तेव्हा एवढंच वाटलं की चकाकीमुळे मागच्या आठवड्याशी तुलना करता येणार नाही. तसं मी वहीत लिहिलंही आहे.

आता तक्त्याचं. लेन्स सरळ रेघा वाकवते का हे बघायला चौकटींचा तक्ता लागतो. तुम्हीच पाठवलेला तो मी मोठा छापून आप्पांच्या समोरच्या, कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर लावला (कॅमेरा तिकडे वळवून टिपायचो), कारण बाकीच्या भिंती कोपऱ्यांनी अडवल्या होत्या. आठव्या रविवारी आप्पा म्हणाले, "जावईबापू, रेघा मधे वाकल्यात." मी स्टीलपट्टी लावून दाखवली. रेघा सरळ. मी त्यांना लेन्स रेघा कशा वाकवते ते चित्र काढून समजावलं. ते म्हणाले की मी लेन्समधून बघतच नाहीये. मला हसू आलं. रात्री तुम्हाला फोनवर सांगितलं, तुम्हीही हसलात. पुढचे सहा रविवार ते तेच सांगत राहिले आणि माझ्या वहीत सहा वेळा तीच नोंद आहे: "आप्पांच्या मते तक्ता वाकडा. तक्ता तपासला. सरळ आहे." प्रमाण, म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं ते, सरळ असेल आणि दाखवलं जातंय वाकडं, तर दोष मापणाऱ्या साधनात असतो, हे मी रोज चार दुकानदारांना ऐकवतो. घरात मात्र ते डोक्यात आलं नाही. चौदाव्या रविवारनंतर तुमच्या भगिनींनी (वीस वर्षं भूमिती शिकवतात, त्यांना वाकड्या रेघेचा मुळातच राग) आप्पांना आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून, मलाही सोबत घेऊन, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक छोटा छापील तक्ता काढला. हाच. फक्त मधे एक काळा ठिपका. आप्पा म्हणाले, हा तर आमच्या भिंतीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने विचारलं की घरी कोणी लावला, फार चांगलं केलं, लगेच लक्षात आलं असेल. मी जमिनीकडे बघत बसलो. मला माझी इतकी लाज याआधी वाटलेली नाही.

तुम्ही म्हणाल, यानंतरही लेन्स? हो. ठरली की तुम्ही येणार होतात. शेवटी दोनच उरल्या होत्या, म्हणून मी असं ठरवलं की संगणकावर नको, कागदावर बघू. सगळ्या रविवारांचे कोपरे छापून शेजारी शेजारी मांडू. मालकीणबाईंकडे छपाईही होते. फाईली दिल्या, कोणते कोपरे किती मोठे हवेत ते लिहून दिलं. आणायला गेलो तर पाकिटात चौदाच फोटो. पूर्णच्या पूर्ण. मी म्हटलं, बाई, मी कोपरे सांगितले होते. त्या म्हणाल्या, "मधे माणूस बसलाय हो. तो कापून टाकायला माझा हात नाही उचलला." मी पावती दाखवणार होतो. मग दाखवली नाही.

घरी तुमच्या भगिनींनी वह्या बाजूला सारून ते चौदा फोटो टेबलावर तारखेप्रमाणे लावले. मी सवयीने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली आणि त्यांनी माझी हनुवटी धरून मधे वळवली. (लग्नानंतर एवढ्या जोरात पहिल्यांदाच.) पहिल्या फोटोत आप्पा इस्त्रीच्या शर्टात, हात गुडघ्यांवर, शाळेच्या फोटोत बसतात तसे. दुसऱ्यातही तसेच, केस ओले करून बसवलेले. तिसऱ्यात त्यांच्या हातात तुमची जुनी कंपासपेटी आहे, बिजागरी नवीन. चौथ्यात तुमच्या सायकलची घंटी, घासून लख्ख. सहाव्यात एक कुंडी, तिला दोन पानं. आठव्यात तीच कुंडी, फूल आलेलं. तेव्हा हातात काहीतरी आहे हे मला दिसत होतं, नाही असं नाही. मी एकदा म्हणालोही की आप्पा, ते खाली ठेवलंत तरी चालेल. ते म्हणाले, "असू दे, त्याला दिसेल." मला वाटलं, मधल्या भागात काय हवं ते धरू दे, आपल्याला लागत नाही.

नवव्या फोटोत पत्र्याची एक पाटी आहे. तिच्यावर धाकटीचं नाव, तिच्या खोलीच्या दारासाठी. तुम्हाला ते अक्षर ओळखायला सांगायला नको, अर्ध्या शहराच्या दुकानांवर ते आहे. फक्त मधली दोन अक्षरं रेघेखाली उतरली आहेत. अकराव्या फोटोत तेच नाव, नवी पाटी. मधली अक्षरं आणखी खाली. तेराव्यात तिसरी पाटी, आणि ती त्यांनी जरा उलटी धरली आहे, अर्धी लपेल अशी. सोळाव्या वर्षापासून पाट्या रंगवणारा माणूस दर आठवड्याला तुम्हाला दाखवत होता की हात बिघडतोय, आणि मी दर आठवड्याला तुम्हाला पुस्तकांच्या पाठी पाठवत होतो. चौदाव्या फोटोत हातात काही नाही. तोंड एका बाजूला वळवलेलं. मला वाटलं, चौदा आठवड्यांनी बिचारे कंटाळले, कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून दिलं. डॉक्टरीणबाईंना तो फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, कंटाळलेले नाहीत, नीट बघतायत. मधून दिसेना म्हणून कडेने बघतायत.

तुमच्या भगिनींनी विचारलं, हे सगळे दादाला पाठवलेस ना? मी म्हटलं, कोपरे पाठवले. त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की दोष तुझ्या एकट्याचा नाही, त्याने छप्पन्न फोटो बघून एकदाही विचारलं नाही की मधे कोण बसलंय. हे त्यांचं वाक्य आहे, माझं नाही. मी फक्त पोचतं करतो आहे.

चौदाही फोटो सोबत जोडले आहेत. कृपया मधून बघायला सुरुवात करावी.

वहिनींना नमस्कार सांगा आणि खांद्याचं खरं काय ते कळवा. धाकटीला सांगा की तिच्या नावाच्या तीन पाट्या इथे तयार आहेत. त्यातली कोणती तिच्या दाराला शोभेल हे आम्हाला ठरवता येत नाही.

तुमचा,
जावईबापू
(मूळ प्रत तपासली, खाडाखोड नाही)

ता. क. एवढं लिहून मुख्य उत्तर राहिलंच. लेन्स ठरली. पन्नास मिलिमीटरची, साधी, झूम नसलेली, दुकानातली सर्वांत हलकी. कोपरे सुमार आहेत, मधे झकास आहे. मी दोन घेतल्या. तुमची इथे आप्पांच्या कपाटात, त्यांच्या ब्रशांच्या खणात ठेवली आहे. मी ती पार्सलने पाठवणार नाही. तसा आग्रह केलात तर मी फोन उचलणार नाही. पुढचं इंजेक्शन येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. त्याच्या आधीचा रविवार सकाळी दहाला मोकळा आहे. छत, ऑफिस, लेन्स, यांतलं आता काही अडलेलं नाही.

ता. क. २. पाकिटावरचा पत्ता मधेच खाली घसरलेला बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. तो आप्पांनी लिहिला आहे. मी पत्र लपवून लिहितोय असं मला वाटत होतं, पण माझ्या कोपरापाशी काय चाललंय ते त्यांना हल्ली आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. त्यांनी विचारलं, त्याला काय लिहिलंत? मी म्हटलं, लेन्सबद्दल. ते म्हणाले, मग ठीक आहे, पाकीट इकडे द्या. पत्ता लिहून झाल्यावर त्यांनी तो बराच वेळ मान वळवून बघितला आणि विचारलं की इतक्या वाकड्या पत्त्यावर जाईल का. मी म्हटलं, जाईल.

ता. क. ३. आलात की सवयीने त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसाल. तसं बसू नका. समोर बसलात तर त्यांना तुमच्या जागी एक डाग दिसेल आणि ते तसं बोलून दाखवणार नाहीत. त्यांच्या उजव्या हाताला, जरा कडेला बसा, बुटांच्या मांडणीपाशी. तिथून तुमचा चेहरा त्यांना दिसेल. कोपरे अजून उत्तम आहेत. मी स्वतः तपासले आहेत.